ब्रँच फायनल व्हायचीय

बी.एस्सी. फिजिक्सच्या प्रत्येक वर्गात असा एक जण असतोच. तो फिजिक्स शिकायला आलेला नसतो. इंजिनीअरिंगला जाता जाता इथे जरा टेकलेला असतो. बारावीला सीईटीनं दगा दिला, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, ‘बी.एस्सी. करून डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं.’ झालं! तेव्हापासून स्वारीपुढे एकच प्रश्न : ब्रँच कुठली?

आमच्या टी.वाय.तल्या या गृहस्थाची ब्रँच प्रॅक्टिकलगणिक बदलते. झेनर डायोडचा ग्राफ पहिल्या फटक्यात आला, त्या संध्याकाळी तो ईअँडटीसीचा होता. पुढच्या आठवड्यात यंग्ज मोड्युलस. पट्टीला वजनं अडकवायची आणि ती किती वाकली ते ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून मोजायचं. याला त्यात थेट पूल दिसायला लागले. “सिव्हिलला मरण नाही रे,” डोळा न हलवता तो म्हणाला. त्या नादात स्क्रू उलटा फिरवला आणि सगळी रीडिंगं पहिल्यापासून घ्यावी लागली. मलाही, कारण पार्टनर मी.

नियम मात्र तोंडपाठ. बारावीला गणित हवं. जागा आधी डिप्लोमावाल्यांना, उरल्या तर बी.एस्सी.वाल्यांना. शिवाय फर्स्ट इयरचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स सेकंड इयरच्या विषयांबरोबरच काढायचं. म्हणजे ब्रँच हा निवडणार की ब्रँच याला, हे कुणालाही कळावं. पण तो म्हणतो, “उरलेल्यातही स्कोप बघावा लागतो!”

वडिलांचं गणित सरळ आहे. “तीन आणि तीन सहा. बारावीनंतर गेला असतास तर चारात सुटला असतास.”

“पण बाबा, फाउंडेशन पक्कं होतंय ना!”

“कुठलीही घे बाबा, पण एकदाची घे,” स्वयंपाकघरातून आईचा आवाज.

गंमत म्हणजे फिजिक्स त्याला झकास येतं. क्वांटम मेकॅनिक्सच्या तासाला सरांचं फळ्यावरचं उत्तर जुळेना, की मागच्या बाकावरून “सर, वर मायनस राहिलाय,” असं ओरडणारा हाच. सर खूश होतात. याचं डोकं तोवर मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या यादीत परत गेलेलं असतं. असा माणूस एम.एस्सी.ला गेला तर विभागाचं भलं होईल, पण हे त्याला सांगायची सोय नाही. “ते काय, ब्रँच नाही मिळाली तर आहेच!”

कॅप राउंड सुरू झाले की सोसायटीतली बारावीची पोरं त्याच्याकडे धावतात. कोणतं कॉलेज वर टाकायचं, सीट कधी फ्रीज करायची, सगळं तो फुकट सांगतो, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. परवा एका मुलाची आई पेढे घेऊन आली. पोराला हवी तीच ब्रँच लागली होती.

“तुझ्यामुळे झालं हो सगळं. आणि तू रे कुठल्या ब्रँचला?”

त्यानं दुसरा पेढा उचलला. “काकू, फायनल व्हायचीय.”