कोयशी झाडाले की चष्म्याले?

पोळा सरला की पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याचे सौदे रंगात येतात. फळ अजून हिरवं आणि झाडावरच. व्यापारी बगीच्यात एक चक्कर मारतो, मान वर करून दोन-चार ओळी न्याहाळतो आणि अख्ख्या बगीच्याचा आकडा सांगून मोकळा होतो. काटा नाही, मोजदाद नाही, जे काही आहे ते नजरेवर. या धंद्यात ३५ वर्षं काढलेल्या पांढुर्ण्याच्या एका काकाजींना आपल्या नजरेचा किती अभिमान असावा, हे सांगायला नको. कुणी चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हटलं, की काकाजी त्याच्याकडे कोवळ्या फळाकडे बघावं तसे बघत.

मग यंदा एका बगीच्यात घोटाळा झाला. काकाजींना पानापानावर काळपट झाक दिसू लागली. "कोयशी आली हाय," ते म्हणाले, "भाव पाडा लागते." कोळशी म्हणजे संत्र्यावरच्या काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी. पान चोळलं की बोटं काजळतात. शेतकऱ्यानं एक पान तोडलं आणि सरळ आपल्या पांढऱ्या बाहीवर घासलं. बाही पांढरीच राहिली.

"काकाजी, कोयशी झाडाले नाही, तुमच्या चष्म्याले लागली हाय."

काकाजींनी चष्मा तीनदा पुसला. काळपटपणा जागचा हलला नाही. पुतण्यानं दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला, आणि सौसरहून पाहुण्या आलेल्या आत्याबाईंनाही "चालताच आहो तर चाला" म्हणून मोटारसायकलीऐवजी रिक्षात बसवलं. हा रिक्षाचा निर्णय किती शहाणपणाचा होता, ते संध्याकाळी कळलं.

दवाखान्यात आधी डोळे कुणी बघतच नाही, आधी चौकशी होते. घरात कुणाला काचबिंदू होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शुगर आहे का. "हाय, पण बॉर्डरवर हाय," काकाजी म्हणाले. पांढुर्ण्यात सगळंच बॉर्डरवर असतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि हा पट्टा इकडे मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला, पण माणसं बोलतात वऱ्हाडी आणि दवाखान्यात पाटी हिंदी. शुगरनं तेवढं बॉर्डरवर राहू नये. ती डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गुपचूप बिघडवते, म्हणून मधुमेह असलेल्यानं वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा असतो, दिसायला अगदी स्वच्छ दिसत असलं तरी.

पुढचा प्रश्न सगळीकडे विचारतात, पण पांढुर्ण्यात त्याला हंगाम आहे: "आँख पे कभी चोट लगी थी?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. हीच ती गोटमार. काकाजींनी तरुणपणी एक गोटा भुवईवर झेलला होता. ही गोष्ट ते एरवी न विचारताही सांगत, दर खेपेला गोटा थोडा मोठा होत असे. दवाखान्यात मात्र म्हणाले, "लयच बारीक होता." इथे लपवाछपवी महागात पडते. डोळ्याला बसलेल्या जुन्या मारानं पुष्कळ वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. तेव्हा गोटा खऱ्या मापाचा सांगावा.

मग यंत्रं. पहिल्यात हनुवटी टेकवून बघायचं, तर आत एक लांब सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. फुगा धूसर होतो, स्पष्ट होतो आणि तेवढ्यात यंत्र नंबराचा पहिला अंदाज छापून देतं. म्हणजे तेही नजरेवरच आकडा सांगतं. काकाजींना ते यंत्र आवडलं. दुसरं आवडलं नाही. त्यातून डोळ्यावर अचानक हवेची फुंकर येते आणि भलाभला माणूस खुर्चीसकट मागे सरकतो. ती फुंकर डोळ्यातला दाब मोजते. साधारण १० ते २१ हा नेहमीचा पल्ला, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. काचबिंदूत बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून फुंकर सोसायची.

तक्त्याची पाळी आली तेव्हा खोली ६ मीटर लांब नसल्यानं समोर आरसा आणि डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता होता. काकाजी मागे वळून मूळ माल बघायला लागले. त्यांना पुन्हा आरशाकडे वळवण्यात आलं. या तक्त्याची पद्धत हर्मन स्नेलन या डच डॉक्टरनं १८६२ मध्ये बसवून दिली. ६/६ म्हणजे निरोगी डोळा ६ मीटरवरून जे वाचतो ते तुम्हीही तिथूनच वाचता. ६/६० म्हणजे निरोगी डोळा ६० मीटरवरून वाचतो ते वाचायला तुम्हाला ६ मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. अक्षरं हिंदीची, त्यामुळे त्यांत ळ नव्हता. या भागात तसाही त्याचा य होतो, त्यामुळे त्याची उणीव कुणाला भासली नाही.

आत्याबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता होता: तीन दात्यांच्या फणीसारखी खूण, दाते कुठल्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. "मले समदं दिसते," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही डोळ्यांनी त्यांनी बऱ्याच ओळी बिनचूक दाखवल्याही. मग डावा डोळा झाकायला सांगितलं आणि आत्याबाई एकदम गप्प झाल्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकला होता. चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम इतक्या मुकाट्यानं करत असतो, की घरातल्यांनाच काय, ज्याचे डोळे त्यालाही पत्ता लागत नाही. एकेक डोळा झाकून बघणं हा म्हणूनच तपासणीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग. बोटांच्या फटीतून बघणाऱ्यांना तेवढा तो लागू पडत नाही.

काकाजींच्या नाकावर आता लोखंडी चौकट चढली आणि तीत भिंगं पडू लागली. "पहलेवाला साफ है, या दूसरावाला?" हा प्रश्न जगभर माणसांना घाम फोडतो. पण दुसरा भाव बरा आहे हे ३५ वर्षं तोंडानं कबूल न केलेल्या व्यापाऱ्याची पंचाईत काही औरच. काकाजी थांबले, खाकरले, म्हणाले, "दोघाच्या मधातला नाही काय?" दोन भिंगांत पाव नंबराचा फरक होता. खरं तर दोन्ही सारखीच दिसत असतील तर "सारखं दिसते" हेही बिनचूक उत्तरच असतं, आणि तपासणाऱ्याला तेच ऐकायचं असतं. इथे कुणी नापास करत नाही आणि भावही पाडत नाही.

जवळच्या नंबराला मराठीत जो शब्द आहे तो कुठल्याही डॉक्टरी पुस्तकापेक्षा नेमका: चाळिशी. चाळिशीच्या सुमाराला डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि पेपर हळूहळू हाताच्या लांबीइतका दूर जातो. काकाजींची चाळिशी मूळची पंधरा वर्षांपूर्वीची, त्यानंतर डोळा बदलला, चष्म्याचं भिंग तेच.

शेवटी थेंब. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डोळे मिटून बाकावर बसायचं. मग डॉक्टर झगझगीत उजेडात पडदा बघतात. शरीराला कुठे चीर न देता जिवंत रक्तवाहिन्या नुसत्या बघता येतात, अशी ही जागा. निकाल असा लागला: पडदा ठीक, दाब ठीक, गोट्याच्या बाजूला मोतीबिंदूची सुरुवात, ऑपरेशनची आत्ता गरज नाही, नवा नंबर घ्या, वर्षानं या. आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याला मात्र दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

बाहेर आले तर पांढुर्ण्याचा बाजार नुसता पांढरा पडला होता. थेंबांचा अंमल काही तास राहतो, उजेड खुपतो, जवळचं अक्षर लागत नाही. लायसन्सच्या अर्जात दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबर प्लेट दिसते का असं विचारतात. काकाजींना त्या संध्याकाळी समोर उभ्या रिक्षाचीही वाचता येईना. "मोटारसायकल आणली असती तं?" पुतण्यानं विचारलं. काकाजींनी उत्तर दिलं नाही.

चार दिवसांनी नवा चष्मा आला. काकाजी थेट त्या बगीच्यात गेले. पान न् पान लख्ख हिरवं, फळ भरगच्च, कोळशीचा ठिपका नाही. त्यांनी मान वर केली, दोन ओळी न्याहाळल्या, आकडा सांगितला.

बगीचा दोन दिवसांपूर्वीच वरूडच्या व्यापाऱ्यानं इसार देऊन घेतला होता.