अर्थिंग चेक करा

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांना अर्थिंगवाले काका कोण, हे सांगायला नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अगदी टोकाला, पंपरूम आणि कचऱ्याचे डबे यांच्या मधल्या जागेत एक जुनी डिझेल ट्रॅव्हलर उभी असते. तिच्या खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे असतात आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पाय काकांचे. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेली आणि २००५ नंतर फोर्स मोटर्सच्या नावाने विकली गेलेली ही गाडी पूर्वजन्मी कुठल्यातरी कंपनीची स्टाफबस असते. काका निवृत्त झाल्यावर ती स्वस्तात घेतात, सीटा काढतात, आत पलंग, शेगडी आणि पाण्याचा ड्रम बसवतात आणि तिला चालतं-फिरतं घर म्हणू लागतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तर ते आपणच त्या धोरणाचे अंमलबजावणी अधिकारी असल्याच्या थाटात वावरतात. परवानगीशिवाय गाडीत बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कोणी काढलंच, तर 'पलंग बोल्टने बसवलाय, वेल्डिंग कुठेय?' असा त्यांचा बिनतोड बचाव असतो. वर्षातून एकदा ही गाडी गणपतीपुळ्याला जायची ठरते, निघायच्या आदल्या संध्याकाळी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो, आणि काका इंजिनाकडे न बघताच निकाल देतात : 'अर्थिंग.'

हा निकाल फक्त गाडीपुरता असता तर आपण सोडून दिलं असतं. पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की अर्थिंग. सूनबाईंचा मोबाइल चार्ज होत नाही, अर्थिंग. टाकीचं पाणी सातव्या मजल्यावर चढत नाही, तिथेही आधी मोटरचं अर्थिंग बघायचं, मग व्हॉल्व्ह. काकूंच्या गुडघ्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांनी झीज असं स्पष्ट सांगितल्यावर काका गप्प बसले असतील असं तुम्हाला वाटेल. त्यांनी काकूंना चपला काढून फरशीवर चालायला लावलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेबात तफावत निघाली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी 'अर्थिंग चेक करा' असं ओरडलं आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. ते विचारात पडले.

आता या माणसाला मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. अडचण अशी, की जुन्या गाडीच्या बाबतीत ते पुष्कळदा बरोबर असतात. जुन्या गाडीत बहुतेक ठिकाणी एकच वायर जाते. वीज परत येते ती गाडीच्या पत्र्यातून आणि चासीतून, बॅटरीच्या निगेटिव्हकडे. डिझेलचा काटा चालतो तो टाकीतल्या फ्लोटवर. फ्लोट वर-खाली होतो तसा त्याच्या पट्टीवरचा रोध बदलतो आणि काटा त्याप्रमाणे सरकतो. टाकीपासून चासीकडे जाणारी अर्थची वायर जिथे बोल्टने कसलेली असते तिथे गंज धरला, की त्या गंजाचा रोधही फ्लोटच्या रोधात मिसळतो आणि काटा भलतंच सांगू लागतो. आपलं शहर उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरांच्या आठवणी असलेलं. इथल्या हवेत लोखंडाचा टिकाव किती, हे ज्याने बाल्कनीला ग्रिल लावलं आहे त्याला विचारा. हेडलाइट लावल्याबरोबर डिझेलचा काटा हलला, तर डिझेल कमी-जास्त झालेलं नसतं. दोघांची अर्थ एकाच सडक्या बोल्टवर आहे एवढाच त्याचा अर्थ. गायमुखच्या चढावर रिझर्व्हचा दिवा लागतो आणि उतारावर विझतो, तेव्हा तर गाडीत काहीच बिघडलेलं नसतं, टाकीतलं डिझेल एका बाजूला गेलेलं असतं. म्हणजे दिव्यावर अविश्वास दाखवणं यात काकांचं काही चुकत नाही. दिवा डिझेल बघत नाही. त्याचं सर्किट पूर्ण झालं की तो लागतो, आणि ते का पूर्ण झालं याची चौकशी त्याने तुमच्यावर सोपवलेली असते.

माझी तक्रार काकांच्या उत्तराबद्दल नाही, ते किती लवकर येतं याबद्दल आहे. तपासाआधी दिलेलं बरोबर उत्तर हे निदान नव्हे. आणि ते कधी अंगाशी येतं, ते पाण्याच्या दिव्यावरून कळतं. कॉमन रेल इंजिनाच्या गाड्यांत डिझेल फिल्टरच्या तळाशी एक सेन्सर असतो. डिझेलमधून वीज जवळपास जात नाही, पाण्यातून जाते. पाणी जड म्हणून फिल्टरच्या तळाशी साचतं, सेन्सरच्या टोकांपर्यंत चढतं आणि दिवा लागतो. इतका सरळ हिशेब. आता काकांचं अर्थिंग इथे लावून बघा. अर्थ तुटली तर सर्किट अपुरं राहील, म्हणजे बहुतेक गाड्यांत हा दिवा लागणारच नाही. लागलेला दिवा हा उलट काकांच्या विरुद्धचा पुरावा आहे. कपलरमध्ये ओल शिरून तो खोटा लागू शकतो, हे खरं. पण ते अर्थिंग नव्हे, आणि कपलर काढून पुसून पुन्हा लावला की त्याचाही निकाल लागतो. काका मात्र पाना घेऊन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पट्टीकडे जातात, तिला सॅंडपेपर मारतात, ग्रीस लावतात, किल्ली फिरवतात. दिवा तसाच. मग ते दुसरा बोल्ट शोधतात. ट्रॅव्हलरमध्ये बोल्ट पुष्कळ असतात.

आणि या गाडीत पाणी साचण्याची शक्यता रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. स्टाफबस होती तेव्हा ती आठवड्याला टाकी संपवायची. घर झाल्यापासून ती उभी आहे. अर्धी रिकामी टाकी, वर दमट हवा, रात्री पत्रा थंड झाला की आतल्या बाजूने दव धरतं आणि ओघळून तळाला जातं. झाकणाचं रबर वाळून तडकलेलं असेल तर पावसाळा बाकीचं काम करतो. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांचा काळसर चिकट गाळ होतो आणि फिल्टर चोंदतो. मेकॅनिक नुसतं 'कचरा आला' म्हणतो, ते याला. जुन्या मायको पंपाच्या इंजिनाने असला गैरप्रकार खोकत-खाकरत सोसला असता. कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारपर्यंत जातो आणि पंपाच्या आतल्या भागांना वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरं काही नसतं. तिथे पाणी गेलं की पंप आणि इंजेक्टर घासले जातात, आणि त्यांचं बिल पाहिल्यावर गणपतीपुळ्याला विमानाने जायला हवं होतं असं वाटतं. गणपतीपुळ्याला विमान जात नाही, ही गोष्ट वेगळी.

यावर काकांच्या बाजूने कोणी म्हणेल, पंधरा वर्षांच्या गाडीत सेन्सरच बिघडणार, प्रत्येक दिव्यामागे कुठे धावायचं? बिघडतात हे मान्य. पण तेवढ्यासाठी धावावं लागत नाही, वाकावं लागतं. इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करायचा, एका काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्यायचं आणि ती बाटली स्थिर ठेवायची. तळाला वेगळा थर बसला तर दिवा खरा. बसला नाही तर दिव्यावर, कपलरवर, वायरवर, हवं तर काकांच्या लाडक्या बोल्टवर संशय घ्या. स्क्रू कसून फिल्टरवरचा हातपंप मारून एअर काढली की काम झालं. अर्थिंगलाही हाच न्याय. नुसतं घासत बसण्याऐवजी मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी टाकीच्या अर्थला लावायची, दिवे चालू करायचे आणि व्होल्ट बघायचे. शून्याच्या आसपास असले तर अर्थ निर्दोष. काकांकडे मल्टीमीटर आहे, पिवळ्या कव्हरातला, चांगला. तो ते इतरांच्या घरी प्लगपॉइंट तपासायला नेतात.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. एवढा उपद्व्याप कशाला, काशीमिऱ्याच्या एखाद्या गॅरेजात गाडी लावून मोकळं व्हावं. गॅरेजात काय होतं तेही बघू. पोरगा स्कॅनर लावतो, स्क्रीनवर एक कोड येतो, आणि तो म्हणतो, 'अंकल, सेन्सर गया.' नवा सेन्सर बसतो, दिवा लागतो. मग फिल्टर बदलला जातो. मग वायरिंग. कोड फक्त एवढंच सांगतो की अमुक सर्किटमधून अपेक्षित माप येत नाही. सुटा भाग मेला की तार, हे तो सांगत नाही. पोराचा निकालही काकांसारखाच तपासाआधी आलेला असतो, फक्त त्याच्या चुकीचे पैसे दुसरा भरतो. काकांच्या चुकीला सॅंडपेपर आणि रविवार लागतो, तोही त्यांचाच. राहिला तिसरा आक्षेप : भंगारात काढा. तो सोसायटीच्या सेक्रेटरींचा आहे आणि त्यांना पार्किंगची ती जागा हवी आहे. तेव्हा त्यावर वेळ घालवायला नको.

खरा प्रश्न हा, की काकांपेक्षा शहाणी असलेली बाकीची माणसं दिव्याचं काय करतात? ती दिव्यावर काळी टेप लावतात. टिकली लावणारेही आहेत. जुनी गाडी विकायला काढणारे याच्याही पुढे जातात आणि बल्बच काढून ठेवतात. म्हणून जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत सगळे दिवे लागतात की नाही हे बघायचं असतं, कारण न लागणारा दिवा लागलेल्या दिव्यापेक्षा वाईट बातमी असते. काकांनी आजवर एकाही दिव्यावर टेप लावलेली नाही. दिवा खोटं बोलतोय असं त्यांना वाटतं, पण तो बोललाय हे ते विसरत नाहीत. ते त्याच्याशी भांडतात. त्यासाठी गुडघे दुखत असताना सिमेंटवर आडवे होतात. उत्तनच्या कोळ्यांच्या बोटीही जून-जुलैच्या बंदीत अशाच पावसात उभ्या असतात, आणि त्यांचं इंजिन किनाऱ्यापासून लांब बंद पडून चालत नाही. त्यामुळे डिझेलमधल्या पाण्याबद्दल तिथे कोणी विनोद करत नाही. काकांची गाडी कुठेच जात नसून ते तिची काळजी बोटीसारखी घेतात, हे हास्यास्पद आहे, आणि मला ते मान्य करायचं नव्हतं, पण थोडं मोठंही आहे. शेवटी कधीतरी, सगळे बोल्ट चकचकीत झाल्यावर, संध्याकाळी कोणी बघत नसताना ते ड्रेन स्क्रू सैल करतात. थम्सअपच्या काचेच्या बाटलीत वर डिझेल आणि खाली पाणी असे दोन थर स्वच्छ दिसतात. काकू विचारतात, 'काय निघालं?' काका बाटली उजेडात धरून म्हणतात, 'पाणी. पण अर्थिंगही होतंच.'

आणि मग पार्किंगमधून वर जाताना ते लॉबीतल्या लाल पेटीपाशी थांबतात. मीरारोडच्या नव्या टॉवरांत ती असते. आगीची सूचना देणारं पॅनल. तिच्यावर एक पिवळा दिवा लागलेला असतो आणि तो कधीपासून लागलाय हे कोणालाही आठवत नाही. तिचा बझर रात्री वाजू लागला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या लोकांची झोप मोडली, म्हणून कमिटीने तो बहुमताने बंद करून घेतला. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. तो वेळेवर भरला जातो, त्यावर परवानाधारक एजन्सीची सही असते, आणि सही करायला आलेला माणूस त्याच पिवळ्या दिव्यासमोर उभा राहून चहा पितो. काका चष्मा पुसून दिव्याखालचं बारीक इंग्रजी वाचतात. अशा पॅनलवर बिघाडाचे दिवे वेगवेगळे असतात, आणि जो लागलेला असतो त्याच्याखाली 'अर्थ फॉल्ट' असं लिहिलेलं असतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच यंत्राने स्वतःहून त्यांचं म्हणणं छापून दाखवलेलं असतं. ते मल्टीमीटर घेऊन सेक्रेटरींकडे जातात, चावी मागतात. सेक्रेटरी दार अर्धवट उघडून त्यांचं सगळं ऐकून घेतात, आणि ट्रॅव्हलर तिथून कधी हलवणार ते विचारतात.