आठ गुणांचा अपराध

टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला की तिच्या कट्टर चाहत्यांना दोन कामे लागतात. एक, गाणी ऐकणे; दुसरे, समीक्षकांचे पेपर फेरतपासणे. दुसऱ्या कामाचे साधन म्हणजे मेटाक्रिटिक. तिथे निवडक नियतकालिकांच्या परीक्षणांचे शंभरपैकी गुण मांडून सरासरी काढली जाते.

२०२० साली तिच्या ‘फोकलोर’ या अल्बमला पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी आठ गुण दिले. दहावीला एवढ्यात पेढे वाटले जातात. इथे मात्र सरासरी खाली ओढल्याच्या अपराधाबद्दल परीक्षण लिहिणाऱ्या बाईंना धमक्या गेल्या. १९ एप्रिल २०२४ रोजी ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ आला, तेव्हा पेस्ट मासिकाने आपले झोडपणारे परीक्षण निनावी ठेवले. २०१९ मध्ये ‘लव्हर’च्या परीक्षणानंतर लेखकाला धमक्या आल्या होत्या, हे कारणही जाहीर केले.

वादाचे नियम सोपे आहेत. प्रतिकूल मत घाईचे, अनुकूल मत तत्पर. ‘टॉर्चर्ड पोएट्स’च्या पहिल्या १६ गाण्यांपाठोपाठ दोन तासांनी आणखी १५ आली. एका दिवसात ३१ गाणी पचवून कोण निकाल देते, हा आक्षेप रास्तच. पण त्याच तडाख्यात रोलिंग स्टोनने पैकीच्या पैकी दिले, ते पचनी पडले.

अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून या अल्बमचा आकडा २६ लाखांवर गेला. म्हणजे समीक्षकांचे मत कवडीमोल, हे सिद्ध झाले. त्याच कवडीच्या एकेका गुणासाठी हमरीतुमरी मात्र चालूच राहते.