वेताळ, लुना आणि पान

एडिसन, न्यू जर्सी
मार्चअखेर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण गेले तीन आठवडे आमच्याकडे साहित्यनिर्मिती चालू होती. डायनिंग टेबलावर रंग सांडलेले असल्यामुळे आम्ही जमिनीवर पंगत मांडून जेवत होतो. आईला बरं वाटेल.

इथे पीबीएस किड्सची लहान मुलांसाठी गोष्ट लिहिण्याची स्पर्धा असते. 1995 साली ‘रीडिंग रेनबो’ या टीव्ही कार्यक्रमाने सुरू केली होती, तिचीच ही पुढची पिढी. दुसरी-तिसरीच्या मुलांनी 100 ते 350 शब्दांत गोष्ट लिहायची आणि निदान 5 चित्रं काढायची. गोष्टही मुलाची, चित्रंही मुलाचीच. या शेवटच्या अटीनेच आमचा घात केला.

मी चिऊला म्हटलं, आपण उज्जैनचे, तू विक्रम-वेताळावर लिही. राजा वेताळाला पाठीवर घेऊन निघतो, वेताळ कोडं घालतो, राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, हे सगळं रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “राजाला गप्प बसता येत नाही, तर त्याने आजोबांना का नाही पाठवलं?”

तर बाबा, गोष्टीचे नायक तुम्ही आहात. विक्रमराजा हरून तुमच्याकडे येतो. (शेवटच्या, पंचविसाव्या खेपेला राजा गप्प राहतो, हे मी सांगून पाहिलं. “म्हणजे चोवीस वेळा हरला ना?”) तुम्ही छत्री चौकातून पान लावून घेता, तोंडात टाकता, वेताळाला लुनाच्या मागे बसवता आणि निघता. तो कोडी घालतो, तुम्ही “हूं” म्हणता. तोंडात पान असताना तुम्ही बोलत नाही, हे तिने मागच्या सुट्टीत बरोबर टिपलं होतं. वेताळ कंटाळून रडकुंडीला येतो. शेवटी आई त्याला पोहे-जलेबी देते. इथे सूनबाईंनी “जिलबी” अशी दुरुस्ती सुचवली, पण पुण्याची सूचना माळव्यात चालली नाही.

आता चित्रं. विक्रमाच्या घोड्याचे पाय कंगव्याच्या दातांसारखे आले होते. मी “जरा नीट” असं म्हणून पेन्सिल हातात घेतली, तर तिने वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक पुढ्यात उघडलं. त्यात भीमबेटकाची गुहाचित्रं! आपले हरिभाऊ वाकणकर 1957 साली आगगाडीतून जाताना ते खडक पाहून तिकडे गेले, ही तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलेली गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती. चित्रातल्या घोड्यांचे पाय हुबेहूब तिच्या घोड्यासारखे. “हे हजारो वर्षं टिकलंय,” ती म्हणाली. मी पेन्सिल खाली ठेवली.

खरा गोंधळ तांबड्या रंगाने केला. पाचही चित्रांत तुमचं तोंड लालभडक आहे आणि तिसऱ्या चित्रात लुनावरून पिचकारी. कच्ची वही शाळेत नेली, तर बाईंनी हळूच चिठ्ठी पाठवली : आजोबांना अपघात झाला आहे का? उत्तरात पान म्हणजे काय ते लिहायला बसलो. पानात चुना घालतात हे इंग्रजीत लिहिल्यावर प्रकरण जास्तच चिघळेल असं वाटलं, म्हणून तेवढं गाळलं.

मग शब्द मोजले. भरले 412. आजी, पान, लुना या शब्दांना तिने हात लावू दिला नाही. सूनबाईंनी तांबडी पेन्सिल घेऊन शोध घेतला तेव्हा कळलं की 62 शब्द माझे आहेत : विक्रम संवत इसवी सनाच्या 57 वर्षं आधी सुरू होतो, गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलं, वगैरे. ते छाटल्यावर गोष्ट 350 शब्दांवर येऊन टेकली. एकही शब्द इकडे नाही की तिकडे नाही. माळव्याचा इतिहास असा आमच्याच घरात संपला.

बाबा, खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला दिल्लीची ती शंकर यांची बालचित्रस्पर्धा आठवली. 1949 पासून चालत आलेली एवढी मोठी स्पर्धा, म्हणून माझ्या चित्रातलं महाकालाचं शिखर तुम्ही स्वतः काढून दिलं होतंत. शिखर झकास होतं. खाली माझी माणसं मात्र त्याच्याकडे पाठ करून उभी होती. बक्षीस आलं नाही, आणि तुम्ही परीक्षकांना आठवडाभर नावं ठेवलीत. मी तर शिखराएवढंही काही काढू शकलो नाही.

गोष्ट परवा पाठवली. निकालाची चौकशी मी रोज करतो. चिऊला आता त्यात रस नाही, तिने शिप्रेतल्या कासवावर दुसरी गोष्ट घेतली आहे.

एक काम आहे. शुक्रवारी सकाळी नऊला बाईंना वर्गातून व्हिडिओ कॉल करून नायकाला भेटायचं आहे. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे नेमकी तुमची पानाची वेळ. पान तोंडात असलंच पाहिजे, असं चिऊ म्हणते. अजिबात नको, असं सूनबाई म्हणतात. मी काही बोलत नाही.

तुमचा,
बाळ