बाळाला बघणार कोण?

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरी दोन प्रश्न निघाले. देण्याघेण्याचं काय, हा पहिला; तो चहा निवायच्या आत सुटला. रिसेप्शनच्या संध्याकाळी आमच्या कन्येला कोण बघणार, हा दुसरा. तो अक्षता पडल्या तरी लोंबकळत होता.

कन्या दोन वर्षांची. साडेआठला झोपते. साडेआठला झोपली नाही, तर मग कुणालाच झोपू देत नाही. रिसेप्शनची वेळ पत्रिकेत आठची, म्हणजे नवरा-नवरी स्टेजवर यायला साडेनऊ. मी नवरीची एकुलती एक वहिनी. स्टेजवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला ‘जेवल्याशिवाय जायचं नाही हं’ म्हणणं हे माझं काम, आणि ते पैठणी नेसून, कडेवर मूल न घेता करायचं, असं फोटोग्राफरचं म्हणणं.

आम्ही नालासोपाऱ्याचे, पूर्वेला तुळींजमध्ये राहतो. लग्न इथल्या हॉलमध्ये असतं तर प्रश्नच नव्हता. वधूपक्षाच्या खोलीत गाद्या घातलेल्या असतात, त्यावर पोरं आडवीतिडवी पडतात, आणि कुणाचं कोण ते निघताना बघायचं. एरवीही आमच्या मजल्यावर दारं उघडीच. कन्या दूध घरी पिते, वरणभात समोरच्या मालवणी काकूंकडे खाते आणि चारचं बिस्किट वरच्या जौनपूरच्या भाभींकडे. तिला ‘सांभाळतं’ कोण, हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पण मुलाकडचे पार्ल्याचे. त्यांनी अंधेरीला विमानतळाजवळचं मोठं हॉटेल घेतलं. आमच्याकडे लॉनवर लग्न असलं की रात्री दहाला डीजे बंद. नाहीतर पोलीस येतात. बंदिस्त बँक्वेट हॉलला मात्र ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत सूट आहे. त्यामुळे तिथे दहाला खरी सुरुवात होते. म्हणजे मूल हॉलमध्ये झोपवायची सोय नाही. काकूंकडे ठेवून जावं, तर परतायला शेवटची विरार आणि मध्यरात्री रडायला लागली तर अंधेरीहून धावत कोण येणार?

नातेवाइकांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, ‘अगं, आम्ही आहोत ना!’ यातले ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हे आजवर एकाही लग्नात निष्पन्न झालेलं नाही. मामेसासूबाईंनी सांगितलं, मी बघते, फक्त गाणी सुरू होईपर्यंत. धाकट्या जावेनं सांगितलं, मी बघते, गाणी संपल्यावर.

शेवटी हॉटेलला फोन केला. मुलं सांभाळायला बाई मिळेल, म्हणाले. चोवीस तास आधी कळवा, किमान चार तासांचे पैसे. तासाचा दर ऐकून नवऱ्यानं स्पीकर बंद केला. पण तेवढ्यात सासूबाईंनी फोन हातात घेतला होता.

‘बाई कुठली आहे?’

‘मॅडम, आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे.’

‘ते झालं हो. गाव कुठलं? घरी कोण कोण असतं? मूल रडलं तर काय करते?’

‘मॅडम, प्रोटोकॉल असतो.’

‘बघा,’ फोन ठेवून सासूबाई म्हणाल्या, ‘साधं खांद्यावर घेते असं सुद्धा सांगता येत नाही.’

पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासून कायदा सांगतो. आमच्या रिसेप्शनला पाचशे पाहुणे होते आणि त्यातल्या निम्म्या बायका कामालाच लागलेल्या असतात, पण ते कायद्याच्या ध्यानात आलेलं नाही. कायद्याचं सोडा. सम्राट अशोकाच्या सुद्धा आलं नव्हतं. आमच्या सोपाऱ्यात त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेत. आठव्या लेखाचा १८८२ साली संशोधक भगवानलाल इंद्रजींना, नवव्याचा १९५६ साली भुईगावला. हा नववा लेख लग्नकार्यांत लोक जे नाना विधी करतात त्यांच्यावर आहे, आणि बायका तर फारच निरर्थक विधी करतात अशी त्यात खास तक्रार आहे. बरोबर आहे महाराजांचं. फक्त त्या ते करत असताना मूल कुणाकडे होतं, हेही त्याच दगडात कोरायला हवं होतं.

प्रत्यक्ष दिवशी नवऱ्यानं तंत्रज्ञान काढलं. आम्हाला दिलेल्या खोलीत कन्येला झोपवायचं, एक मोबाईल चहाच्या किटलीला टेकवून व्हिडिओ कॉल लावून ठेवायचा, दुसरा खाली आपल्याकडे. खोलीत दाराशी भाचा बसवला, तो स्वतःच्या फोनमध्ये. झोपलीही ती. खाली नवऱ्यानं आपला फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवला, आणि हळूहळू सगळ्या मावश्या-आत्या त्याभोवती जमल्या. स्टेजवर केक कापला जात होता आणि आमच्या टेबलावर ‘कूस बदलली’, ‘पांघरूण काढलंन्’, ‘एसी किती ठेवलाय, बावळटा’ असं धावतं समालोचन. मग स्क्रीनवर नुसती उशी दिसायला लागली. उशीवर कन्या नव्हती.

मी पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून लिफ्टकडे धावले. खोलीचं दार उघडं, भाचा बाहेर, आणि आत जमिनीवर हॉटेलची पांढरीशुभ्र चादर अंथरून आत्या बसलेल्या.

या नवऱ्याच्या आत्या. डहाणूकडे अंगणवाडीसेविका म्हणून निवृत्त झालेल्या. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं जे काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तो सगळा भाग त्यांच्या पायाखालचा. महागडी माँटेसरी साधनं सोडून बिया, शंख, पानं, खडे यांवर तिथे मुलं शिकली. जी गुरं घेऊन रानात जायची त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. आत्यांना मी विचारलंच नव्हतं, कारण त्या पाहुण्या, मानाच्या. त्याही विचारायची वाट बघत बसल्या नाहीत. स्टेजवर जाऊन पाकीट दिलं आणि थेट वर आल्या.

चादरीवर आमची कन्या होती, पार्ल्याकडची दोन होती आणि एक तर लग्नातलं नव्हतंच. शेजारच्या खोलीतल्या कुणा विमान चुकलेल्या कुटुंबाचं. शाम्पूच्या बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लावणं चाललं होतं. साखरेच्या पुड्या पांढऱ्या एकीकडे, तपकिरी एकीकडे. कन्येच्या डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी होती आणि ती चमच्यानं कपात काहीच नसलेला चहा ढवळत होती. हॉटेलच्या पॅडवर आत्यांनी रकाने आखून नावं, वय आणि आल्याची वेळ लिहिली होती.

‘आत्या, अहो तुम्ही जेवायला चला.’

‘तू जा. दार लोटून घे. आणि येताना कुणाकडून तरी वरणभात पाठव, तिखट नको.’

अकरापर्यंत बातमी हॉलभर झाली आणि लोक पोरं वर पाठवायला लागले. सासूबाई दर अर्ध्या तासानं तपासणीला जात होत्या आणि खाली यायचं विसरत होत्या. साडेअकराला नवरी दिसेना. ती वर सापडली. उंच टाचा काढून, शालू सावरून चादरीच्या कडेला बसलेली, आणि मुलांच्या ताटातला वरणभात खात होती. आत्यांनी तिचंही नाव लिहून घेतलं होतं. वयाचा रकाना कोरा.

सकाळी खोली सोडताना काउंटरवर बिल आलं. त्यात फ्रिजमधले काजू, बदाम, चॉकलेटं आणि फळांच्या रसाचे सगळेच्या सगळे डबे. हॉटेलची बाई दोन रात्री ठेवली असती तरी एवढं झालं नसतं. नवऱ्यानं बिलावरून नजर उचलून आत्यांकडे पाहिलं.

‘पूरक आहार,’ आत्या म्हणाल्या, आणि पॅडवरचा तो कागद घडी घालून त्याच्या हातात दिला. ‘सगळं नोंदवलंय. खाली सही कर.’