घाम मोजण्याची शास्त्रशुद्ध रीत

पीएच.डी.ची मुदत डोक्यावर आली आणि विषय सुचेना, तर नांदेड-लातूरकरांची ‘शारीरिक सक्रियता’ मोजायला घ्यावी. खर्च फक्त झेरॉक्सचा. ‘आयपॅक’ नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीच्या छोट्या आवृत्तीत सातच प्रश्न आहेत, तेही गेल्या सात दिवसांचे.

सुरुवात नांदेडच्या स्टेडियमवर, पहाटे फिरणाऱ्या प्राध्यापकांपासून करावी. ते ‘रोज तासभर’ म्हणतील. त्यातला चहाच्या गाड्यावरचा वेळ वजा करू नये. माणूस सांगेल तेच खरं, हाच या शास्त्राचा पाया आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालले, की ते ‘मध्यम सक्रिय’ ठरतात.

लातूरच्या शिकवणीतल्या पोराला ‘दिवसातून किती तास बसता?’ विचारलं, तर तो आधी ऑप्शन मागेल. मग निगेटिव्ह मार्किंगची चौकशी करेल.

खरी कसोटी औशाकडच्या सोयाबीनच्या रानात. ‘मावशी, सलग दहा मिनिटं तरी दमवणारं काम केलं का?’

‘लेकरा, उक्तं घेतलंय. धा मिन्टाचे पैसे कोण देतंय?’

इथं हसू नये, आकडे लिहावेत. श्रम मोजायचं एकक मेट: स्वस्थ बसणं म्हणजे 1 मेट, चालणं 3.3, मध्यम काम 4, कष्टाचं 8. घागर असेल तर रिकामी जाताना 3.3 आणि भरून येताना 8 धरावेत. टँकरच्या रांगेत उभं राहण्याला रकाना नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही नव्हता.

आता नियम. कोणतंही काम दिवसाला तीन तासांच्या वर गेलं, की हिशेबात तीनच तास धरायचे. म्हणजे मावशीची दुपारनंतरची काढणी गेली. आणि या कपातीआधीची सगळ्याची बेरीज सोळा तासांच्या पुढे गेली, तर ती व्यक्तीच नमुन्यातून वगळायची. म्हणून पंधरा तास भरत आले, की पेनाला टोपण लावावं. शेणकूर, दळण, लेकरांची आंघोळ विचारत बसलात, तर बाई हातची जाईल आणि नमुना कमी भरेल.

निघताना आभार मानावेत. ‘हुबाच हाइस तर भारा उचलू लाग’ म्हणाली, तर उचलू लागावं. ते 8 मेट कुठंही लिहू नयेत. संशोधक नमुन्यात मोडत नाही.