शंभर मीटरच्या आतले नाना

पुण्याच्या कसबा किंवा शनिवार पेठेत कुणाला खिडकीची चौकट बदलायची असली तरी सुताराच्या आधी नानांना बोलावणं जातं. नगररचना खात्यात आरेखक म्हणून त्यांची हयात गेली. खात्याने रीतसर नारळ दिला, पण नानांनी खात्याला काही सोडलं नाही. खांद्याच्या शबनममध्ये मोजणीचा टेप, घड्यांवर फाटलेला भाग नकाशा आणि पेन्सिलीने रंगवून टाकलेली नियमावली कायम असते.

एकटा नियम समोर आला की नाना जांभई देतात. दोन नियम एकमेकांच्या अंगावर धावून गेले की मात्र चेहरा असा खुलतो, जणू घरात बारसं आहे.

"नाना, वाडा पाडून नवा बांधायचा म्हणतोय. 2020च्या नियमावलीत चटईक्षेत्र चांगलं मिळतंय."

"मिळतंय ना! शनिवारवाडा किती लांब?"

"हा काय, गच्चीतून दिसतो."

"दिसतो? मग बसा. चहा सांगा."

चहा येईपर्यंत नाना 1958पर्यंत मागे गेलेले असतात. चटईक्षेत्र देतं राज्य, पण स्मारकांचा कायदा केंद्राचा. 2010च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने. शंभराच्या आतलं घर 16 जून 1992च्या आधीचं असेल तर डागडुजी करा, तीही अर्ज करून. शिवाय मोजायचं ते तटाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून! इथे समोरच्याचे पाच-सात मीटर हमखास जातात आणि नानांना गुदगुल्या होतात.

एकदा टेप धरला तर रेषा नेमकी एका घराच्या मधून गेली. ओटा शंभराच्या आत, देवघर बाहेर. नाना गंभीरपणे म्हणाले, "देवाची पुनर्बांधणी होऊ शकते, वहिनी. तुमची फक्त डागडुजी."

खरा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी. धोकादायक भाग उतरवून घ्या, अशी पालिकेची नोटीस वाड्यावर लागते. उतरवलं तर पुन्हा बांधता येईल याची खात्री नाही, आणि आतले भाडेकरू 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याला धरून बसलेले. मालक रडकुंडीला येतो. नाना नोटीस उजेडात धरून म्हणतात, "वा! तिन्ही कायदे बरोबर आहेत." मग निवाडा होतो: सगळे पाळता येत असतील तर सगळे पाळा. टक्कर झालीच तर केंद्राचा वर. सर्वसाधारण कायद्यापेक्षा विशेष कायदा वर. तरी शंका उरली तर जो कडक तो खरा. वकीलही साधारण हेच सांगतात, पण फी घेऊन आणि लवकर.

हीच सूत्रं नाना घरी लावतात. डॉक्टरांनी गोड बंद केलं तो सर्वसाधारण कायदा, संकष्टीचे मोदक हा विशेष कायदा. सबब मोदक वरचढ. नानींनी एकदाच विचारलं, "आणि स्वयंपाकघर कुणाच्या अखत्यारीत?" तेव्हापासून नानांना एक मोदक मिळतो, तोही सारण कमी घातलेला.

गंमत पुढे आहे. नानांचा स्वतःचा वाडा शंभराच्या चांगलाच आत. मागची भिंत लाकडी टेकूंवर उभी; येणारा-जाणारा वाकून जातो, नाना सवयीने न बघताच वाकतात. दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात किती वेळा लिहिला असेल देव जाणे. पण लिहून झाला की चष्मा पुसून तो तपासायला घेतात, लाल शाईने समासात त्रुटी काढतात, खाली सही ठोकतात आणि पूर्ततेसाठी स्वतःकडेच परत पाठवतात. परवा विचारलं, तर म्हणाले, "प्रकरण छाननीत आहे."

तेव्हा तुमचं घर अशा कुठल्या हद्दीत सापडलं, तर नानांचा सल्ला जरूर घ्या. अर्ज मात्र त्यांना दाखवू नका. थेट कचेरीत नेऊन द्या आणि पोच घ्या.